मनगटावरील पाऊलगणना: ती कितपत खरी?

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांच्या, व त्यांहून अधिक त्यांच्या पालकांच्या, मनगटांवर एक नवी वस्तु दिसूं लागली आहे. ती घड्याळासारखी असते व वेळहि सांगते. परंतु दिवसभरांत आपण किती पावलें चाललों हें सांगण्यांतच तिचा खरा अभिमान आहे. कोणी तिला फिटनेस बँड म्हणतात, कोणी स्मार्टवॉच म्हणतात. संध्याकाळीं शाळेच्या फाटकाशीं मुलांस न्यावयास आलेले पालक एकमेकांस "आज किती झालीं?" असें विचारतांना ऐकूं येतात, आणि उत्तर मिळतें, "नऊ हजार चारशें बारा." उत्तर अगदीं एककापर्यंत नेमकें असतें. त्या शेवटच्या बारांविषयीं कोणाच्याहि मनांत शंका येत नाहीं. ती शंका यावी, आणि आल्यावर तिचें निरसन स्वतः मोजून करतां यावें, एवढ्याचसाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

पावलें मोजण्याचें काम मनुष्यास नवें नाहीं. आपल्याच देशांत एकोणिसाव्या शतकांत तें इतक्या निष्ठेनें केलें गेलें कीं, त्याची कथा प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावी. त्या काळीं तिबेटांत परकीयांस प्रवेश मिळत नसे, आणि हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणखात्यास तर त्या देशाचा नकाशा हवा होता. तेव्हां कॅप्टन माँटगोमेरी या अधिकाऱ्यानें हिमालयांतील माणसांसच शिकवून या कामीं पाठवावयाचें ठरविलें. त्यांपैकीं नैनसिंग रावत हा कुमाऊंमधील मिलम गांवचा शाळामास्तर होता. चढ असो, उतार असो वा सपाटी असो, पाऊल एकाच लांबीचें पडावें अशी सवय त्यास लावण्यांत आली. त्याच्या हातांत जपमाळ असे. परंतु नेहमींच्या १०८ मण्यांऐवजीं तिच्यांत १०० च मणी होते. दर शंभराव्या पावलास एक मणी सरकवावयाचा, म्हणजे माळेचा एक फेरा पुरा होतांच १०,००० पावलें झालीं असें समजावयाचें. पाहणारास वाटे कीं यात्रेकरू नामस्मरण करीत आहे. अशा रीतीनें चालत व मोजीत तो इ. स. १८६६ च्या जानेवारींत ल्हासा येथें पोंचला. पुढें १८७७ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यास सुवर्णपदक देऊन त्याचा गौरव केला. याच परंपरेंतील किशनसिंग यावर एकदां लुटारूंच्या भीतीमुळें घोड्यावर बसून जाण्याची पाळी आली. तेव्हां त्यानें घोड्याचीं पावलें मोजण्यास प्रारंभ केला, पण मोजणी खंडूं दिली नाहीं.

या कथेंतील एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. नैनसिंग हा प्रत्यक्ष पाऊल मोजीत होता. पाऊल पडल्याचें त्याच्या पायास कळे, आणि त्याचें मन त्याची नोंद घेई. मनगटावरच्या यंत्रास पाय दिसत नाहीं व जमीन लागत नाहीं. तें केवळ हाताची हालचाल जाणतें, आणि तीवरून पाऊल पडलें असावें असें अनुमान करितें. आपण ज्यास मोजणी म्हणतों तें वास्तविक अनुमान आहे, हें एकदां समजलें म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

हें अनुमान कसें होतें तें पाहूं. पाऊल मोजण्याचीं जुनीं यंत्रें कमरेस लावावयाचीं असत. त्यांच्या आंत स्प्रिंगेवर तोललेला एक लहानसा दांडा असे. चालतांना प्रत्येक पावलास कंबर किंचित् खालींवर होते. त्याबरोबर तो दांडा हले व आंकडा एकानें पुढें सरके. आजच्या यंत्रांत दांड्याच्या जागीं सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक कमानींवर तोललेला असतो. मोटार एकदम सुरू झाली म्हणजे उभा असलेला उतारू मागें झुकतो, हें आपण नेहमीं पाहतों. त्याप्रमाणेंच मनगटाच्या वेगांत बदल झाला कीं हा तुकडा किंचित् सरकतो. शेजारच्या पट्ट्यांपासूनचें त्याचें अंतर बदलतें, त्यामुळें त्यांच्यामधील विद्युत्-धारकता बदलते, आणि तीवरून त्वरण काढतां येतें. ही क्रिया एकमेकींस काटकोनांत असलेल्या तीन दिशांनीं, सेकंदांत अनेक वेळां चालू असते. येथवर यंत्राचें काम फार नेटकें आहे. अडचण आहे ती याच्या पुढच्या पायरींत.

त्वरणाच्या या आंकड्यांतून पाऊल कसें ओळखावें? यासाठीं यंत्राच्या कर्त्यांनीं कांहीं नियम घालून दिलेले असतात. चालतांना हात झोके घेतो, आणि पाऊल जमिनीस टेकतांच एक हलका धक्का अंगांतून मनगटापर्यंत येतो. या दोहोंमुळें त्वरणाच्या आलेखांत ठराविक अंतरानें लाटा उमटतात. लाट पुरेशी उंच आहे काय, मागील लाटेपासून तिचें अंतर चालण्यास शोभेल असें आहे काय, आणि अशा कित्येक लाटा ओळीनें आल्या काय, हें पाहून यंत्र पावलांची संख्या वाढवितें. बऱ्यापैकीं चपळ चालणारा प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारें १०० पावलें टाकतो. तेव्हां सेकंदास दीड ते दोन ठोक्यांचा ताल आढळला तर तें चालणें असावें, हा तर्क सामान्यतः बरोबर ठरतो. हाताचा एक पुरा झोका, म्हणजे पुढें जाऊन मागें येणें, दोन पावलांत होतो, हेंहि यंत्रास गृहीत धरावें लागतें. शिवाय पुष्कळ यंत्रें ओळीनें कांहीं पावलें पडल्याखेरीज मोजणीस प्रारंभच करीत नाहींत. एखाद्या वेळीं सहज हात हलला तर तें चालणें समजलें जाऊं नये, यासाठीं ही सावधगिरी असते.

नियमांवर चालणाऱ्याच्या चुकाहि नियमांतूनच निघतात. या यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या आहेत: पडलेलें पाऊल न मोजणें, आणि न पडलेलें पाऊल मोजणें.

पहिला प्रकार घेऊं. हात स्थिर असेल तर पाय कितीहि चालोत, यंत्रास तें कळणें कठीण जातें. बाळाची ढकलगाडी लोटणारी आई, दुकानांत सामानाची ट्रॉली ढकलणारा गृहस्थ, डोक्यावरचा भारा दोन्हीं हातांनीं सांवरणारी शेतकरीण, खिशांत हात घालून फिरणारा विद्यार्थी, मोबाईल डोळ्यांसमोर धरून चालणारा तरुण, या सर्वांचीं पावलें कमी मोजलीं जाण्याचा संभव असतो. दुसरें कारण मंद गति. वृद्ध किंवा नुकताच आजारांतून उठलेला मनुष्य पाय फारसा न उचलतां, घसटत चालतो. त्याच्या पावलाचा धक्का हलका असतो व ताल संथ असतो; त्यामुळें लाट नियमांत बसण्याइतकी उंच होत नाहीं, आणि यंत्र तिला सोडून देतें. त्यांतून तो आधाराची चौकट, म्हणजे वॉकर, धरून चालत असेल तर दोन्हीं कारणें एकत्र येतात. स्वयंपाकघरांत चुलीपासून मोरीपर्यंत चार पावलें, तेथून फडताळापर्यंत तीन पावलें, असें ज्यांचें चालणें तुटक असतें, त्यांच्याहि पदरीं हाच अन्याय येतो. कारण ओळीनें पुरेशीं पावलें पडण्यापूर्वींच त्यांस थांबावें लागतें.

आतां दुसरा प्रकार. हाताची तालबद्ध हालचाल झाली, पण पाय जागचे हलले नाहींत, तरीहि यंत्र फसूं शकतें. भाकरी थापणें, धुणें आपटणें, ताक घुसळणें, ढोलकी वाजविणें, प्रार्थनेच्या वेळीं गाण्याबरोबर टाळ्या वाजविणें, या सर्वांत चालण्यासारखाच ताल असूं शकतो. खडबडीत रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांत बसलेल्या उतारूच्या हातासहि धक्के बसतात. चांगल्या यंत्रांचे कर्ते हें ओळखून अशा हालचाली वगळण्याचा प्रयत्न करितात. परंतु ज्या हालचालीचा ताल चालण्याशीं जुळतो ती नेमकी वेगळी काढणें हें सोपें काम नव्हे.

या चुका किती मोठ्या असतात? अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. त्यांनीं १४ निरोगी प्रौढ माणसांस ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर ताशीं ३ मैल या गतीनें चालावयास लावलें. कांहीं फेऱ्या ५०० पावलांच्या होत्या व कांहीं १५०० पावलांच्या. निरीक्षक प्रत्येक पाऊल डोळ्यांनीं पाहून मोजीत होता. कमरेस लावलेल्या यंत्रांचे आंकडे खऱ्या संख्येपासून शेंकडा ०.३ नें कमी ते शेंकडा १ नें अधिक, एवढ्याच मर्यादेंत राहिले. खिशांतील मोबाईलवरच्या ॲपचे आंकडे शेंकडा ६.७ नें कमी ते शेंकडा ६.२ नें अधिक असे आले. मनगटावर बांधलेल्या उपकरणांनीं मात्र शेंकडा १.५ पासून शेंकडा २२.७ पर्यंत पावलें कमी दाखविलीं. शेंकडा २२.७ म्हणजे १५०० पावलांत सुमारें ३४० पावलांचा पत्ता नाहीं! त्यानंतरच्या वर्षांत यंत्रें सुधारलीं आहेत हें खरें. पण अनुमानाची मूळ रीत तीच आहे. आणि सपाट पट्ट्यावर, एका गतीनें, हात मोकळे सोडून चालणें ही तर यंत्रास सर्वांत सोयीची परीक्षा होय. घरांत व बाजारांत आपण असे चालत नाहीं.

पाऊल मोजणाऱ्या यंत्रांसाठीं जपानांत १९९३ सालीं जें मानक ठरलें, त्यांत १०० पावलांमागें फार तर ३ पावलांची चूक क्षम्य मानली होती. ही कसोटी पुष्कळ कडक आहे. तरी तिला उतरलेल्या यंत्रानेंहि ९,४१२ हा आंकडा दाखविला, तर त्यांत सुमारें २८० पावलांचा फरक इकडे वा तिकडे असूं शकतो. मग आरंभीं सांगितलेल्या त्या शेवटच्या बारांस काय अर्थ उरला? "सुमारें साडेनऊ हजार" असें उत्तर दिलें असतें तर तें अधिक प्रामाणिक झालें असतें. यंत्रानें एककापर्यंत अंक दाखविला म्हणून तें ज्ञान एककापर्यंत खरें होत नाहीं, हा धडा विज्ञानाच्या प्रयोगशाळेंतहि आमच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडेल.

येथें गणिताचा एक बारकावा सांगणें अवश्य आहे. समजा, एका बाईंनीं सकाळीं भरलेली घागर दोन्हीं हातांनीं धरून ५०० पावलें टाकलीं, व यंत्रानें त्यांतील ३०० च मोजलीं. नंतर त्या भाकरी थापीत बसल्या असतां यंत्रानें न पडलेलीं २०० पावलें मोजलीं. दोहोंची बेरीज ५००; खरी संख्याहि ५००. वरवर पाहतां चूक शून्य! परंतु प्रत्यक्षांत एकदां २०० पावलांची उणी चूक व एकदां २०० पावलांची अधिक चूक, मिळून ४०० पावलांची चूक झालेली आहे. म्हणून "दिवसाची बेरीज बरोबर आली" एवढ्यावरून यंत्र बरोबर आहे असें ठरत नाहीं. उणें-अधिक चिन्ह सोडून प्रत्येक वेळची चूक वेगळी मांडावी, तेव्हांच खरी स्थिति कळते.

ज्या १०,००० पावलांच्या मागें लोक लागलेले असतात, त्या संख्येचा उगमहि पाहण्यासारखा आहे. टोकियो येथें १९६४ सालीं ऑलिंपिक सामने झाले व जपानांत व्यायामाची आवड वाढली. त्यानंतर १९६५ सालीं तेथें कमरेस लावावयाचें एक यंत्र विक्रीस आलें; त्याचें नांव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. संख्या गोल व लक्षांत राहण्याजोगी होती, आणि नांवाबरोबर ती जगभर पसरली. पुढें २०१९ सालीं अमेरिकेंतील १६,७४१ वृद्ध स्त्रियांविषयीं एक संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांचें सरासरी वय ७२ वर्षांचें होतें. दिवसास सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्या स्त्रियांपेक्षां सुमारें ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४१ नें कमी आढळलें. आणि सुमारें ७,५०० पावलांच्या पुढें विशेष अधिक लाभ दिसला नाहीं. चालणें व दीर्घायुष्य यांची सांगड येथें दिसते. एक दुसऱ्याचें कारणच आहे असें मात्र तेवढ्यावरून सिद्ध होत नाहीं. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्या स्त्रियांचीं पावलें कमरेस लावलेल्या उपकरणानें मोजलीं होतीं. कमरेच्या मापानें ठरलेली मर्यादा मनगटाच्या मापास जशीच्या तशी लावणें म्हणजे एका दुकानाच्या मापानें घेतलेलें धान्य दुसऱ्या दुकानाच्या मापानें तपासण्यासारखें आहे.

इतकें वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांनीं आमच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वस्थ बसूं नये. स्वतः प्रयोग करावा. त्यास खर्च कांहीं नाहीं. दोघांनीं मिळून शाळेच्या मैदानावर जावें. एकानें यंत्र बांधून चालावें, दुसऱ्यानें त्याच्या पायांकडे पाहून पावलें मोजावीं. मोजणाऱ्यानें डाव्या खिशांत पांच चिंचोके ठेवावे व दर शंभराव्या पावलास एक चिंचोका उजव्या खिशांत टाकावा. नैनसिंगाच्या माळेचेंच हें शाळकरी रूप आहे. पांच चिंचोके संपले कीं ५०० पावलें झालीं. चालण्यापूर्वींचा व नंतरचा यंत्राचा आंकडा वहींत लिहावा. पहिल्या फेरींत हात मोकळे सोडून चालावें; दुसऱ्या फेरींत हात खिशांत घालावे; तिसऱ्या फेरींत दोन्हीं हातांनीं दप्तर छातीशीं धरावें; चौथ्या फेरींत आजोबांच्या चालीनें अगदीं सावकाश चालावें. पांचव्या वेळीं बाकावर बसून पांच मिनिटें टाळ्या वाजवाव्या. प्रत्येक फेरी तीनदां करावी. एकदांच केलेल्या प्रयोगावरून निष्कर्ष काढूं नये. पहिल्या चार फेऱ्यांत यंत्राच्या संख्येंतून खरी संख्या वजा करावी, बाकीस खऱ्या संख्येनें भागावें व १०० नीं गुणावें. म्हणजे शेंकडा चूक निघेल. टाळ्यांच्या वेळीं खरी संख्या शून्य असल्यामुळें हा भागाकार करतां येणार नाहीं. तेथें यंत्रानें किती पावलें दाखविलीं तेवढेंच लिहावें. भागाकार कां करतां येत नाहीं, हें आपल्या गणिताच्या शिक्षकांस विचारावें.

मग हें यंत्र टाकून द्यावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. पांच मिनिटें पुढें असलेलें घड्याळहि उपयोगीं पडतें, मात्र तें पांच मिनिटें पुढें आहे हें ठाऊक असलें पाहिजे. एकच मनुष्य, एकच यंत्र, एकच मनगट व साधारण एकच दिनक्रम असेल, तर रोजची चूकहि साधारण सारखीच राहते. आणि मागल्या महिन्यापेक्षां या महिन्यांत आपलें चालणें वाढलें कीं घटलें, हें त्यावरून बऱ्यापैकीं कळतें. पट्टा फार सैल असूं नये. यंत्र उजव्या हातावर बांधलें आहे कीं डाव्या, हें विचारण्याची सोय त्यांत असल्यास ती माहिती बरोबर भरावी. दोन माणसांच्या दोन यंत्रांचे आंकडे शेजारीं ठेवून कोण अधिक चालला याचा निवाडा मात्र करूं नये.

पालकांस आमची एक विनंती आहे. पुष्कळ घरीं आजी-आजोबांच्या मनगटावर मुलगा किंवा सून मोठ्या प्रेमानें असें यंत्र बांधते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरून आजी नेटानें अंगणाच्या दहा फेऱ्या घालतात, आणि संध्याकाळीं यंत्र दाखवितें कीं त्या जेमतेम दोन-अडीचशें पावलें चालल्या. त्या खिन्न होतात, घरचेहि म्हणतात, "आज तुम्ही चाललांच नाहीं." हा आजींवर अन्याय आहे. अशा वेळीं फेऱ्या मोजाव्या किंवा किती मिनिटें चालल्या तें पाहावें, आणि यंत्रापेक्षां त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा. त्याचप्रमाणें दिवसभर घरांत राबणाऱ्या बाईंचा आंकडा लहान दिसला, तर त्या बसून होत्या असा अर्थ कोणी करूं नये.

विद्यार्थ्यांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. पावलांच्या चढाओढी लागूं लागल्यापासून कांहीं मुलें अंथरुणावर पडल्या पडल्या हात हलवून आंकडा वाढवितात, असें कानावर येतें. यंत्रास फसविणें सोपें आहे, हें या लेखावरून त्यांस आणखी चांगलें कळलें असेल. परंतु त्यांत फसतें कोण? यंत्रास आरोग्य नाहीं. तें ज्याचें त्यासच मिळवावयाचें आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूचा धिक्कार केलेला आहे. तो केवळ वाण्यासाठींच आहे असें समजूं नये. जो जो कांहीं मोजतो त्या प्रत्येकासाठीं तो आहे. नैनसिंगावर देखरेख करावयास तिबेटांत कोणी नव्हतें. थंडींत, वाऱ्यांत, थकव्यांत एखादा मणी उगाच पुढें सरकविला असता तर तें कोणासहि कळलें नसतें. पण नकाशा मात्र चुकला असता. आमच्या विद्यार्थ्यांनीं यंत्र वापरावें, त्याच्या चुका ओळखाव्या, आणि आपल्याकडून त्यांत आणखी एका चुकीची भर घालूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.